'द वर्ल्ड इज युअर ऑयस्टर': भाचीच्या कार्डावर लिहू की नको?

घारी_मावशी

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस चाललंय.

माझी भाची ऑगस्टअखेर आयर्लंडला निघाली आहे, गॉलवेला, एमएस्सी करायला. आमच्या घरातून समुद्र ओलांडणारी पहिलीच. सगळ्यांनी वर्गणी काढून तिला मोठी बॅग घेतली, सोबत एक कार्ड. कार्डावर चार ओळी खरडायचं काम माझ्या गळ्यात, का तर 'तुझं अक्षर बरं आहे'. मी जरा ऐटीत, आधी पेन्सिलीने लिहिलं, 'द वर्ल्ड इज युअर ऑयस्टर'. ऑयस्टर म्हणजे कालव, समुद्रातला खायचा शिंपला, आणि म्हणायचं असतं ते एवढंच, सगळं जग तुझ्यासाठी खुलं आहे.

शेजारी आत्या शेंगा सोलत बसली होती. वय ७८, जन्म रत्नागिरीचा, भाट्याच्या खाडीकाठचा. "काय लिवलंस गो?" मी म्हटलं, "अगं, इंग्रजीत म्हणतात तसं. जग म्हणजे तुझं कालव आहे." आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. "मंग पोरीला हातमोजे पन दे."

आणि डावा तळहात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरी रेघ आहे. ती मी लहानपणापासून बघत आले, विचारलं कधीच नव्हतं. अकराव्या वर्षी ओहोटीला कालवं काढताना कवचाची धार लागली. हात आठ दिवस सुजला होता. चौथीची परीक्षा बुडाली, त्याचा तिला अजून आनंद आहे.

तेव्हापासून पेन्सिल हातातच आहे. तर, हे लिहू का? आणि नको असेल तर मराठीत याच्या तोलाचं काय लिहू? 'उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा' कृपया सुचवू नका. ते वाचलं की मला त्याखाली तीन इच्छुक उमेदवारांचे हात जोडलेले फोटो दिसतात.

चहाबाज

जग हे तुझं कालवण. भात मात्र तिथे स्वतःच लावायचा.

नीराकाठ

आमच्याकडं कालवा म्हणजे नीरा उजवा कालवा. 'जग हा तुझा कालवा' म्हणलं तर फलटण-माळशिरसातलं पोरगं पहिलं विचारंल, आवर्तन कधी सुटणार? आणि आपण टेलला असलो तर तुमची शुभेच्छा खाली पोचेस्तोवर वरच्यांनी भिजवून घेतलेलं असतंय.

पेन्सिलटोक

गोंगाटवाला कालवाही आहे की. 'पोरांनो, कालवा करू नका.' आणि क्रियापद धरलं तर 'जग कालव', दहीभात कालवतात तसं. थट्टा म्हणून लिहायला घेतलं, पण मला हे खरंच आवडलं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं आहे. जा, जग कालव.

चहाबाज

@पेन्सिलटोक, मीठ बेताने घाल म्हणावं.

ग्रंथकीटक

मावशी, खोडू नका एवढ्यात, पण आत्या नकळत मूळ लेखकाच्या बाजूने बोलल्या आहेत.

हे वाक्य शेक्सपियरचं. 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर', दुसरा अंक, दुसरा प्रवेश. फॉल्स्टाफ हा जाडजूड, कायम पैशाच्या ओढग्रस्तीत असलेला सरदार, आणि पिस्टल हा त्याचा बडबड्या साथीदार. पिस्टल उसने मागतोय. फॉल्स्टाफ म्हणतो, एक पेनीसुद्धा देणार नाही. त्यावर पिस्टल गरजतो, असं का, मग जग हेच माझं कालव, तलवारीने उघडीन! म्हणजे, तू नाही दिलेस तर मी हिसकावून मिळवीन. शेक्सपियर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ साली त्याची नाटकं एकत्र छापली गेली, त्यात हे असं आहे. या गर्जनेला फॉल्स्टाफ भीक घालत नाही. त्याचं पुढचं उत्तर पुन्हा तेच, एक पेनीसुद्धा नाही.

पुढे लोकांनी तलवार गाळली, 'माझं'चं 'तुझं' केलं आणि वाक्य पदवीदानाच्या भाषणात नेऊन बसवलं. उधारी न मिळालेल्या माणसाचा दम आहे तो. आपण तो कार्डावर सुबक अक्षरात लिहून भाचीला देतो.

घारी_मावशी

आत्याला वाचून दाखवलं. म्हणाली, "तलवारीनं कालव फुटतंय व्हय? त्याला काय ठावं."

शेक्सपियर नापास.

तीन_टक्के

तो फॉल्स्टाफ सध्या आमच्या ऑफिसात आहे. एप्रिलमध्ये अप्रेझलला समोर बसवून म्हणाला, "फॉर यू, द स्काय इज द लिमिट." मी घरी पेढे नेले. पत्र आलं, वाढ किती ते माझ्या आयडीवरून समजून घ्या. तुमचं आभाळ मोकळं आहे असं कुणी सांगितलं की आता मी आधी त्याचा खिसा बघतो, बंद आहे का.

सिरोंचा_रिटर्न

आमच्या इंग्रजीच्या सरांनी दहावीच्या निरोप समारंभाला माझ्या वहीत लिहिलं होतं, 'यू विल गो फार'. राहायला कोल्हापूर. बँकेची परीक्षा पास झालो, पहिलं पोस्टिंग सिरोंचा. नदीपलीकडे दिसतो तो तेलंगण. सरांना तिथून पोस्टकार्ड टाकलं, 'सर, आपला आशीर्वाद फळला. याच्यापुढे आपलं राज्य नाही.'

सरांचं उत्तर आलं होतं. त्यांनी पत्रातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या होत्या.

टिवल्याबावल्या

आपल्याकडे शब्दांपेक्षा स्वर बघावा लागतो. माझी आजी आतेभावाला म्हणायची, "नाव काढशील रे बाबा." मला म्हणायची, "तूपण नाव काढशील हो!" दोन्हींत शब्द तेच. मला 'दिवे लावशील'सुद्धा म्हणायची. मी आता खरंच लायटिंगचा व्यवसाय करतो, त्यामुळे तिचं भविष्य खरं ठरलं असं धरायला हरकत नाही.

तंबोरा_मिरज

कुणी 'गगनाला गवसणी' सुचवायच्या आत सांगून टाकतो. गवसणी म्हणजे वाद्यावर घालायची कापडी खोळ. आमच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांची घरंच्या घरं आहेत, तिथे हा शब्द रोजच्या वापरातला. तंबोऱ्याची गवसणी नुसती लांबी सांगून शिवता येत नाही. एका भोपळ्याचा घेर दुसऱ्यासारखा नसतो. भोपळ्याला फीत गुंडाळायची, मग दांडी, मग खुंट्यांपाशी थोडं सैल सोडायचं, नाहीतर घालता-काढताना खुंटी फिरते आणि लावलेला स्वर जातो.

आता आकाशाला खोळ शिवायची कल्पना करा. इंग्रज म्हणतो, आकाश ही हद्द. आपण फीत घेऊन त्याचं माप काढायला निघालो! वाक्प्रचार म्हणून मला हा फार मोठा वाटतो. पण सत्काराच्या भाषणांत इतका वापरलाय की खोळ पार विटली. भाचीला नवी कोरी बॅग देताय, त्यात ही नको.

ओहोटी

आत्यांचा हात वाचला आणि आई डोळ्यांसमोर आली. आमची खाडी वेगळी, पण काम तेच. वर सगळे 'कालव उघडणे' म्हणताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्या, शिवल्या वाळूत-चिखलात चाचपून उचलून आणता येतात. कालव तसं हातात येत नाही. ते खडकाला चिकटून वाढतं, खालचं कवच दगडाशी एकजीव झालेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब मागे जातं, तेव्हा खडक उघडे पडतात आणि दोन-तीन तास मिळतात. आई गुडघाभर चिखलातून तिथवर जायची. मग ओणवं होऊन टोकाच्या लोखंडाने कवचाच्या कडेला नेमका घाव. जोरात बसला तर आतलं फुटून राड होते, हलका बसला तर झाकण हलत नाही. झाकण उडालं की करडा-पांढरा लिबलिबीत गोळा बोटाने सोडवायचा आणि डब्यात. माझ्या वयाच्या पोरांना वाटायचं डबा कधी भरतच नाही. पाणी चढायला लागलं की जेवढा भरलाय तेवढा घेऊन निघायचं. घरी आणून पुन्हा पुन्हा धुवायचं, कारण कवचाची एक कच राहिली तरी दात कळवळतो. मग बाजारात वाटे लावून बसायचं, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणणार, "एवढुसाच वाटा?"

आता कुणीतरी मोत्याचं काढणार, म्हणून तेही सांगतो. खायच्या कालवात दागिन्यातला मोती मिळत नाही. मोत्याचे शिंपले वेगळ्याच कुळातले. आईने जन्मभरात हजारोंनी फोडली, मोती शून्य. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे मी शाळेत शिकून तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "स्वातीचा पाऊस पडला की उभं भात आडवं होतं, तेवढं मला माहीत आहे."

माझं मत विचाराल तर लिहा. पण ज्याने एकदा तरी फोडलंय त्याने लिहिलं तर शोभतं. खाली आत्यांची सही घ्या.

चहाबाज

@ओहोटी, माझी कालवणाची कोटी मागे घेतो.

पाऊस_बाराही_महिने

गॉलवेतून लिहितेय. इतक्या प्रतिसादांत कुणालाच कसं आठवलं नाही? भाची निघालीय ते गावच ऑयस्टरचं! दर सप्टेंबरला इथे ऑयस्टर महोत्सव असतो, १९५४ पासून. त्यात कालवं उघडायची जागतिक स्पर्धा. समोर तीस कालवं ठेवतात, छोट्या जाड सुरीने उघडायची. नुसता वेग बघत नाहीत. मांस फाटलं, कच राहिली, हात कापून रक्त लागलं, की वेळेत दंड. सगळे नियम आत्यांच्या हातावर लिहिलेले आहेत. त्यांना तिकीट काढून पाठवा, मी घ्यायला येते.

खातात मात्र कच्ची. वर लिंबू पिळून, सोबत ब्राउन ब्रेड. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला लहानपणी गणपतीपुळ्याला लाटेने उलटी केली होती त्याची चव आठवली.

बाकी, छत्री देऊ नका. अटलांटिकचा वारा ती पहिल्याच दिवशी उलटी करतो. टोपीचा चांगला रेनकोट द्या. आणि तीन लिटरचा कुकर.

घारी_मावशी

कच्ची?? हे आत्याला अजून सांगितलेलं नाही. कुकर बॅगेत आहे, त्यावरूनही वेगळी लढाई झाली.

ज्युबिली_लाइन

लंडनमध्ये आमचं सगळ्यांचंच जग ऑयस्टर आहे, निळं, प्लॅस्टिकचं. बस-ट्यूबचं हे कार्ड २००३ मध्ये आलं. नाव ठेवताना शिंपल्याचं घट्ट कवच, आतला मोती आणि हाच वाक्प्रचार डोक्यात होता म्हणतात. मी आलो त्या पहिल्या सोमवारी सूट घालून, मुलाखतीला निघालो. फाटकावर कार्ड टेकवलं, लाल दिवा आणि 'सीक असिस्टन्स'. पैसे संपले होते. मागे शंभर माणसं खोळंबलेली. माझं जग तलवारीने उघडणारं नव्हतं, पाच पौंडांचं टॉपअप लागत होतं.

नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली.

मोडी_जोडी

मला इथे व्याकरण दिसतंय. इंग्रजीत 'इज'. आहेच, मिळालंच, सातबारा तुझ्या नावावर. आपण कुणाच्या पुढ्यात वाकलो की काय ऐकतो? 'मोठा हो', 'सुखी राहा', 'यश येवो'. हो, राहा, येवो. आपण मागतो, ठरवून टाकत नाही. त्यात दृष्टीची भीतीही आहे. पोर गुटगुटीत दिसलं तरी 'गुटगुटीत' म्हणायचं नाही, तीट लावायची. अजून विमानात न बसलेल्या मुलीला 'जग तुझं झालं' हे आमच्या आईने ऐकलं असतं तर आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या.

तिशीच्या_आत

@मोडी_जोडी, मुद्दा देखणा आहे, पण मला पटला नाही. आपला आशीर्वाद मागतो खरा, पण काय मागायचं ते आशीर्वाद देणारा ठरवतो. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'. ही माझी मागणी होती का? 'नाव काढ', म्हणजे कुणाचं? घराण्याचं. मी पुण्याहून बंगळूरला निघाले तेव्हा सतरा जणांच्या पाया पडले. सतरापैकी नऊ जणांनी लग्न होऊ दे म्हटलं. मोजले होते मी. त्यात माझ्या प्रोजेक्ट गाइड बाईंनी जाता जाता 'द वर्ल्ड इज युअर ऑयस्टर' म्हटलं. ते घासलेलं आहे, उधारीच्या भांडणातलं आहे, सगळं मान्य. पण आत काय आहे ते त्या वाक्यात कुणी आधीच ठरवलेलं नव्हतं. मला त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

मावशींनी बिनधास्त लिहावं.

मोडी_जोडी

सतरापैकी नऊ. हरलो. 'अष्टपुत्रा'चा बचाव मी करणार नाही. 'मोठी हो'चा मात्र करीन. त्यात कशी, कुठे, किती, कुणासोबत, काहीच सांगितलेलं नाही.

तिशीच्या_आत

'मोठी हो' चालेल. आमची आज्जी ते म्हणायची आणि हातात पन्नासची नोट ठेवायची. फॉल्स्टाफपेक्षा उजवी.

सातारी_कंदी

'जो जे वांछील तो ते लाहो' लिहा की सरळ. सातशे वर्षांहून जुनं, घरचं, आणि ऑयस्टरचा नेमका हाच अर्थ. जे हवं ते मिळो. कशाला चमच्याने इंग्रजी चाटायचं?

ग्रंथकीटक

@सातारी_कंदी, अर्थ नेमका हाच नाही. आधीची ओळ बघा, दुरितांचं तिमिर जावो, विश्वात स्वधर्माचा सूर्य उगवो. ते झाल्यावरचं वांछणं आहे ते. आणि ते एकट्यादुकट्याला नाही, 'प्राणिजात' म्हटलंय, प्रत्येक जिवाला.

पेन्सिलटोक

प्राणिजात म्हणजे कालवही आलं. ते काय वांछील? ओहोटी येऊ नये.

सातारी_कंदी

😀 हे मात्र ज्ञानेश्वरांनाही आवडलं असतं.

मांडवीपार

गोव्यातून थोडं. आमच्याकडे कुणी काही केलं तर म्हणतात 'देव बरें करूं'. आभारही तेच, आशीर्वादही तेच. निघताना, पोचल्यावर, उधारी फिटल्यावर, कुठेही चालतं. आणि शिंपल्याच्या विषयात भर म्हणून, आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काच नसते. पातळ चपट्या शिंपल्यांचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. बाहेरचं नीट दिसत नाही, उजेड मात्र दुधासारखा आत येतो. आमच्या आजोळी दोन चौकोन तुटले आहेत, तिथे पुठ्ठा लावलाय. आता ते बसवणारा कारागीर शोधायला महिना जातो. कुणाला माहीत असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

तीन_टक्के

धागा भाचीच्या कार्डावरून खिडकीच्या पुठ्ठ्यावर आला आहे. मावशी जिवंत आहेत का?

घारी_मावशी

आहे, आहे. परवा पहाटे मुंबईहून तिचं विमान गेलं, म्हणून इकडे फिरकले नाही.

तुमचं सगळं वाचून मी कार्ड तीनदा खोडलं, कागद त्या जागी थोडा खडबडीत झाला. शेवटी इंग्रजी ओळ तशीच पेनाने गिरवली, @तिशीच्या_आतमुळे. खाली 'मोठी हो', @मोडी_जोडीमुळे. आणि @ओहोटी, तुम्ही म्हणालात तसं आत्याकडे सहीला नेलं. ती म्हणाली, नुसती सही नाय करनार. पेन घेतलं, टेबलाशी बसली, मला तिकडे जा म्हणाली. दहा मिनिटं लागली. मी बघितलं नाही, पाकीट तिनेच चिकटवलं.

विमानतळावर आत सोडायच्या दारापाशी भाचीने पाकीट फोडलं. इंग्रजी वाचून 'थँक्यू मावशी' म्हणाली. 'मोठी हो' वाचून थोडे डोळे भरले. मग खालचं वाचलं. चौथीत परीक्षा बुडालेल्या अक्षरात, ओळ वर चढत गेलेली, एवढंच:

'हातमोजे घाल. आत्याआजी.'

भाची म्हणाली, "किती गोड! थंडीसाठी ना?"

आत्या म्हणाली, "व्हय, थंडीसाठीच."

ओहोटी

🙏

पाऊस_बाराही_महिने

ऑक्टोबरात लागतीलच. नंबर पाठवा तिचा, रविवारी जेवायला बोलावते.

चहाबाज

कालवांच्या सुक्याची कृती कुणी देणार आहे का? दोन दिवस नुसता वास घेतोय.

ओहोटी

पाककृतीत वेगळा धागा काढा, आईला विचारून टाकतो. कोकम की कैरी यावर तिथे भांडू.